वडिलांचं टेबल

नानांच्या खणात एक पत्र उत्तराविना पडून होतं. ओळखीच्या एका छापखान्याच्या मालकाने लिहिलं होतं, 'ताईंच्या तपासांच्या गोष्टी तुम्ही लिहा, मी छापतो.' नाना उत्तर लिहायला बसत, 'माझा हात त्या तोलाचा नाही' इथवर येत आणि कागद फाडून टाकत.

ताई ही त्यांची थोरली बहीण. खासगी तपास हा तिचा व्यवसाय. तिच्यासोबत जाणं आणि सगळ्यांत शेवटी समजणं हे नानांचं काम.

एके दुपारी एक अनुवादिका आली ती बसायच्या आधीच बोलू लागली. "माझ्या वडिलांचं पेन बंद खोलीतून गेलं. किल्ल्या तीन. माझी, नवऱ्याची आणि मावसभावाची, म्हणजे दादाची. त्यानेच ती खोली बांधलीय. आज तो किल्ली परत द्यायला येतोय, कायमची."

"चोर म्हणालात त्याला?"

"छे! किल्ली कुणाकुणाकडे आहे एवढंच विचारलं."

"मग म्हणायचं राहिलं काय?" ताई चपला घालत म्हणाली.

घरापासून सुटं असं दोन गाड्यांचं गॅरेज होतं. अर्ध्यात गाडी, अर्ध्यात नवं ऑफिस. ऑफिसच्या बाजूचं शटर बाहेरून तसंच ठेवून आतून लाकडी भिंत घातली होती. नाना दारातच थबकले. फळीला फळी अशी भिडली होती की सांधा शोधावा लागत होता.

शटरकडच्या त्या भिंतीशी एक जुनं टेबल होतं. मागे वायरी सोडण्यापुरती जागा.

"हे वडिलांचं," अनुवादिका म्हणाली. "याच गॅरेजात, मागच्या भिंतीला लावून, ते यावर घड्याळं दुरुस्त करायचे. कधी एक स्क्रू घरंगळला नाही त्यांचा. काम संपल्यावर हमालांकडून टेबल इथे लावून घेतलं. दादालाही हात लावू दिला नाही."

"पेन कुठे ठेवलं होतं?"

"एरवी उघड्या वहीच्या मधल्या खाचेत ठेवते. क्लिप तुटलीय ना, खिशाला राहत नाही. त्या दिवशी फोन आला, तसंच टेबलावर टाकलं आणि कुलूप लावून घरात गेले."

तिने चहा आणला. नानांनी काठोकाठ भरलेला कप टेबलावर ठेवला, तोच भिंतीकडच्या काठावरून चहा बशीत ओघळला.

"माफ करा हं. हात जरा..." नाना रुमाल शोधू लागले.

ताईने कपाकडे पाहिलं, मग नानांकडे पाहिलं.

नवरा आला. "मला पेन कशाला? मी सहीसुद्धा कंटाळत करतो. मी फक्त शटर ठेवायला लावलं. उद्या दुसरी गाडी घेतली तर?"

"पहिलीचे हप्ते फेडा आधी," बायको म्हणाली.

मावसभाऊ दारातच उभा राहिला. किल्ली मुठीत होती.

"जमीन सुरेख केलीत," ताई म्हणाली.

"गोटी ठेवून बघा, हलायची नाही." त्याचा आवाज जरासा सैलावला. "खालची जुनी जमीन शटरकडे उतरती आहे. गॅरेजची तशीच असते, पाणी निघून जायला. तिला हात लावला नाही. वर लाकडी चौकट घालून फळ्या टाकल्या, भिंतीखालून पाण्याला वाट ठेवली. लाकूड फुगतं म्हणून कडेने बोटभर फट आहे. तिच्यावरची पट्टी बसवायची राहिलीय." त्याने मुठीतल्या किल्लीकडे पाहिलं. "आता दुसरा कुणी बसवेल."

"पेन चोरीला गेलं नाही," ताई म्हणाली. "नान्या, उतरत्या जमिनीवर टेबल ठेवलं तर स्क्रूचं काय होईल?"

"घरंगळेल."

"पण यांच्या वडिलांचा घरंगळत नव्हता. का?"

नाना टेबलाकडे पाहू लागले. मावसभाऊ मात्र गुडघ्यांवर बसला आणि टेबलाच्या मागच्या पायांवर बोटं फिरवू लागला.

"काकांनी मागचे पाय कमी केलेत," तो हळूच म्हणाला. "मागे जमीन उंच, म्हणून. कापल्याचं कळतसुद्धा नाही. काय हात होता!"

"त्यांनी टेबल जमिनीच्या मापाने केलं, तुम्ही जमीन सपाट केलीत," ताई म्हणाली. " दोघांचंही काम चोख, म्हणूनच टेबल मागे झुकलं. क्लिप नसलेलं पेन मागे घरंगळलं, भिंतीलगत पडलं, फटीतून जुन्या जमिनीवर गेलं. आणि ती जमीन अजून उतरतीच आहे. शटर उचला."

नवऱ्याने बाहेर जाऊन शटर वर केलं. उंबऱ्याशी, धुळीत, पेन पडलं होतं.

अनुवादिकेने ते पदराने पुसलं. "दादा," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

मावसभावाने किल्ली खिशात टाकली. "उद्या पट्टी बसवायला येतो. टेबलाच्या मागच्या पायांखाली चकत्याही घालू. काकांचे पाय मात्र तसेच राहू देत."

परतताना नाना म्हणाले, "मला वाटलं, माझाच हात थरथरला."

"तुला नेहमी तसंच वाटतं," ताई म्हणाली. "हात ठीक आहे तुझा. टेबल तिरकं होतं."

घरी जाऊन नानांनी पुन्हा कागद घेतला. या वेळी तो फाडला नाही. 'लिहितो. पहिली गोष्ट एका टेबलाची.'

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट सोडलं आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभे राहिले.