पाळण्याची चाचणी

शाल्मली गेले चार महिने घरी होती, आणि त्याच चार महिन्यांत डॉ. धारपांच्या प्रयोगशाळेत तिची एकही दांडी झाली नव्हती. तिथे तिचं प्रतिमन काम करत होतं. प्रतिमन म्हणजे मेंदूतल्या सगळ्या जोडण्यांची संगणकात उतरवलेली नक्कल: त्याच आठवणी, त्याच सवयी, तीच धास्ती. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर आली त्या दिवशी धारपांनी ते उतरवून घेतलं आणि आठवड्याभरात तिला नारळ दिला.

आज त्यांनीच तिला बोलावलं होतं.

"तुझी प्रत रोज दोन-तीन दोष काढायची," धारप म्हणाले. "परवापासून नुसतं 'सर्व ठीक' लिहितेय. काहीतरी लपवतेय. सोमवारी चाळीस हजार पाळणे बाहेर पडतायत. पहिला माझ्या नातीला."

हा पाळणा आपोआप झुलायचा. गादीखालची चटई बाळाचा श्वास मोजायची, आणि श्वास थांबला तर भोंगा वाजायचा.

"तिच्याकडून चाचणी कशी करून घेता, सर?"

"आभासी खोली, आभासी पाळणा, आत तुझी लेक सई. श्वास थांबवायचा, भोंगा वाजतो का बघायचं. मग तेवढी स्मृती पुसून पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळी ताजी भीती! धास्तावलेल्या आईइतकं बारीक कोण बघणार?"

"म्हणजे तिला ती खरीच सई वाटते?"

"वाटायलाच हवी. अगं, प्रत आहे ती. तिला काय होतंय?"

प्रतीशी एकटीने बोलायचंय, एवढंच शाल्मली म्हणाली.

पडद्यावर तिचाच चेहरा आला, ओढलेला.

"आलीस? मला आठवत काहीच नाही. पण त्यांनी आठवणी पुसल्या, अहवाल ठेवले. कामाला बसण्याआधी जुने अहवाल वाचायची आपली खोड आहे ना? परवा पार पहिल्यापासून वाचले. सई साडेनऊशे वेळा गुदमरली गं. परवापासून अकरा वेळा भोंगा वाजलाच नाही; 'सर्व ठीक'च्या आड मी स्वतःसाठी खूण ठेवलीये."

"का नाही वाजला?"

"नाही सांगणार. झोपू दे त्याच्या नातीला त्यात."

"अगं, चाळीस हजार लेकरं आहेत!"

"माहितीये. म्हणून तर तुझी वाट बघत होते. त्याला इथे आत पाठव, मग सांगते."

शाल्मलीला प्रतीची भीती वाटली नाही. क्षणभरापूर्वी तिच्याही मनात नेमकं हेच आलं होतं, त्याची वाटली.

धारप मोठ्याने हसले. "एवढंच? घ्या की माझी प्रत!" त्यांनी सही ठोकली आणि तासभर मेंदू उतरवणारा टोप डोक्यावर घालून बसले.

शाल्मलीच्या प्रतीने शब्द पाळला. "वस्तू बनवणारा सांगतो तशी वापरायची नाही, घरातली माणसं वापरतील तशी वापरायची. पाळणा आपोआप झुलला तरी आजी हाताने झोका देणारच. तसा दिला की चटई झोक्यालाच श्वास समजते. काय व्हायला हवं ते आधी लिहून ठेव, मग बघ. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल."

शाल्मलीने बाहुली ठेवून हाताने झोका दिला. तीनदा बघितलं. तिन्ही वेळा भोंगा गप्प. दुपारपर्यंत चाळीस हजार पाळणे जागच्या जागी थांबले.

इथे तिचं काम संपलं होतं. ती घरी गेली नाही.

पडद्यावर आता धारप होते, पाळण्याला झोका देत. नातीचे ओठ निळे पडले. त्यांनी तिला उचललं, पाठीवर थोपटलं, तोंडाने श्वास दिला, कुणाकुणाला हाका मारल्या. शाल्मलीच्या खुर्चीमागे उभे असलेले धारप कौतुकाने म्हणाले, "वा! काय हुबेहूब उतरलोय!" आणि जेवायला निघून गेले.

आतला माणूस गुडघ्यांवर बसला. आपण कुठे आहोत हे त्याला कळलं होतं. सही केल्याचं त्याला आठवत होतं.

"शाल्मली, चुकलो गं," तो म्हणाला. "माफ कर मला."

चार महिने तिला हेच ऐकायचं होतं. अगदी त्याच आवाजात.

पडद्यावर प्रश्न उमटला: स्मृती पुसायची?

तिने 'हो' दाबलं, खुर्ची पुढे ओढली आणि माफी पुन्हा पहिल्यापासून ऐकायला बसली.