लिटल मर्सीचा उंबरा

लिटल मर्सीला जायचं ते बेकॲपल वेचायला. ही केशरी फळं ऑगस्टात दलदलीवर पिकतात आणि बघता बघता संपतात. तेवढ्या दिवसांत न्यूफाउंडलंडच्या त्या किनाऱ्यावर कुणाचं लग्नही निघालं, तर लोक नाराज होतात. लोरेटाचं लग्न जूनमध्ये झालं होतं, म्हणून निभावलं.

बोट तिचा नवरा गार्लंड चालवत होता. त्याची आई, ट्रिफी, पुढच्या फळीवर ताठ बसली होती. लाटेवर बोट आपटली की गार्लंड आणि लोरेटा उडायचे. ट्रिफी उडायची नाही. लोरेटा सेंट जॉन्स शहरातली. लग्न होऊन घरात आल्यापासून सासूने तिला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. ‘शहरवाली’ म्हणायची. शहरवाली, मीठ दे. शहरवाली, मासा असा कापतात का? लोरेटा मुकाट्याने मासा पुन्हा कापायची आणि मनात म्हणायची, एक दिवस ही बाई माझं नाव घेईल. एवढीच तिची इच्छा होती. पण नव्या सुनेची इच्छा काही लहान नसते.

लिटल मर्सी हे ट्रिफीचं गाव. सरकारने ते उठवलं तेव्हा लोकांनी घरं तराफ्यांवर चढवून खाडीपार ओढून नेली. मागे राहिले ते घरांचे पाये आणि थडगी. आता त्या जागेला सरकारी कागदावर उद्यान म्हणतात. उद्यान म्हणजे एक खांब, त्यावर एक पाटी आणि पाटीवर एक समुद्रपक्षी. बाक नाही, संडास नाही, रस्ता तर नाहीच. एकदा कुणी साहेब लाकडी पायवाट आणि चहाचं दुकान काढायचं म्हणून सभा घ्यायला आला होता. तेव्हा ट्रिफी उठून म्हणाली होती, “आम्हाला उठवलंत तेवढं पुरे. गवताला तरी सुखाने राहू द्या.” साहेब खाली बसला. ही गोष्ट लोरेटाने इतक्यांदा ऐकली होती, की ट्रिफी कुठे थांबून चहाचा घोट घेणार हेही तिला पाठ झालं होतं.

गोष्टीचा शेवट मात्र कधी बदलायचा नाही. “आणि लिटल मर्सीचं माणूस धुक्यात कधी हरवलं नाही.”

निघताना ट्रिफीने स्वतः भाजलेल्या पावाचे जाड काप मेणकागदात गुंडाळले. एक गार्लंडच्या खिशात गेला, एक लोरेटाच्या. गार्लंडने तो रुमाल घ्यावा तसा घेतला. लोरेटाने विचारलं, भूक लागली की खायचा ना?

खायचा नाही, हे तिला समजावून सांगण्यात आलं. दलदलीवर ती मंडळी असतात. त्यांचं नाव घेत नाहीत. वाट चुकवतात, ओळखीचं रूप घेऊन समोर येतात. तेव्हा पाव पुढे करायचा.

“जो घेईल, तो त्यांच्यातला,” ट्रिफी म्हणाली. “आपलं माणूस दुसऱ्याच्या खिशातला पाव घेत नाही. एकदा पाव दिला की मागे वळून बघायचं नाही. आणि कागद परत आण. फुकट येत नाही तो.”

कागद हा ट्रिफीचा जीव. वापरलेला मेणकागद ती पुसायची, चौघडी घालायची, एक कोपरा आत खोचायची आणि खणात ठेवायची. गावात अशी घडी दुसरं कुणी घालत नसे.

“तुमचा पाव?” लोरेटाने विचारलं.

“मला कशाला?” ट्रिफीला ते हसण्याजोगंही वाटलं नाही. “मी तिथे जन्मलेय, पोरी. तिथे पाव पाहुण्यांनी न्यायचा.”

किनाऱ्यावर दगडांची चूल मांडून त्यांनी चहा केला, काकवी लावून वेगळा आणलेला पाव खाल्ला. भरती होती, म्हणून गार्लंड बोटीपाशी थांबला. सासू-सून डबे घेऊन वर दलदलीवर गेल्या. दुपारभर वेचणं झालं. ऊन चांगलं होतं. डबा भरल्यावर ट्रिफी म्हणाली, चल, घर दाखवते.

घर म्हणजे उंबऱ्याचा एक दगड होता. मधोमध झिजलेला, पुढे गवत, मागे रानटी झालेली रुबार्बची भाजी. पण ट्रिफी त्या गवतात अशी फिरली, की लोरेटाला भिंती दिसायला लागल्या. ही चूल. हा जिना, तिसरी पायरी वाजायची. इथे बाप मेला. लोरेटा नकळत जिन्याला वळसा घालून गेली. ते ट्रिफीने पाहिलं आणि तिचा चेहरा जरा मऊ झाला. क्षणभर वाटलं, आता नाव घेईल.

“थांब इथे,” ट्रिफी म्हणाली. “विहीर बघून येते. उंबरा सोडू नकोस.”

ती गेली, आणि समुद्रावरून धुकं आलं.

धुकं लोरेटाने शहरातही पाहिलं होतं. हे तसं नव्हतं. याने आधी आवाज नेले. पक्षी गेले, वारा गेला. मग समुद्राची गाज, जी इतका वेळ उजवीकडे होती, ती हळूहळू डावीकडून यायला लागली. गवत ओलं झालं, आणि त्या ओल्या वासातून दुसरा एक वास आला... भाजत्या पावाचा. जिथे चूल होती म्हणे, तिथूनच.

लोरेटाने हाक मारली. सासूला काय म्हणायचं हे तिचं अजून ठरलं नव्हतं, म्हणून नुसतंच “अहो...” म्हणाली. चार पावलं विहिरीच्या दिशेने गेली, घाबरली, परत फिरली.

उंबऱ्यावर कुणीतरी बसलं होतं.

शाल ट्रिफीची. पांढरे केस ट्रिफीचे. पण पाठ वाकलेली, आणि दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरलेले, थंडीने गारठलेल्या लहान मुलीसारखे.

“सापडली का विहीर?” लोरेटाने विचारलं.

“सगळं फिरलंय गं...” आवाज अगदी बारीक होता. “किती वेळ चालतेय... माझंच दार मला सापडेना...”

ट्रिफीला कधी कशाची भीती वाटली नव्हती. ट्रिफीने कधी कुणाजवळ ‘सापडेना’ म्हटलं नव्हतं. लोरेटाचा हात आपोआप खिशात गेला. तिने पाव कागदासकट पुढे केला.

समोरची म्हातारी पावाकडे बघत राहिली. मग तिने मान खाली घातली आणि पाव घेतला.

“लोरेटा,” ती म्हणाली.

त्याच वेळी मागून खणखणीत आवाज आला. “ए शहरवाली! कुणाशी बोलतेस?”

धुक्यातून ट्रिफी येत होती. पाठ ताठ, हातात डबा, पावलं अशी की वाटेनेच तिच्याखाली यावं. लोरेटाला रडू फुटायचं बाकी होतं. ती धावत जाऊन त्या दंडाला बिलगली.

“घेतला का पाव?”

“घेतला.”

“मग झालं. चल. मागे बघू नकोस.”

त्या उतरायला लागल्या. मागून हाक आली, मोठ्याने नाही, जणू हाक मारणारीला लाज वाटत होती... “लोरेटा...” आणि पुन्हा, खूप लांबून. लोरेटाने मागे पाहिलं नाही. जे नाव ऐकायला ती इतके दिवस आसुसली होती, ते इतकं गोड लागलं म्हणूनच तिने ओळखलं, की हा फसवण्याचा प्रकार आहे.

धुक्यात दिशा कळावी म्हणून गार्लंड किटली बडवत, हाका मारत उभा होता. ट्रिफी त्याचा हात न धरता बोटीत चढली. “ओरडतोस कशाला?” ती म्हणाली. “लिटल मर्सीचं माणूस धुक्यात कधी हरवलं नाही.”

पुढच्या रविवारी चर्चच्या दालनात जेवण होतं. तिथे ट्रिफीने उभं राहून सांगितलं, माझ्या सुनेने समोर त्यांना बघितलं, पाव दिला, आणि वळून पाहिलं नाही. शहरवाली आहे, पण आमची आहे. लोकांनी टेबलं बडवली. लोरेटाची मान इतकी उंच कधीच झाली नव्हती. त्या उंचीवरून तिला दिसलं, की पावाची परडी आली तेव्हा ट्रिफीने ती शालीच्या पदराने धरून पुढे सरकवली.

विचारलं तर म्हणाली, दात दुखतोय.

मग एके दिवशी तिने भट्टी सुनेच्या हाती दिली. आता पाव तू करायचा. जिवंतपणी भट्टी सोडणारी सासू गावाने पाहिली नव्हती. शेजारणी लोरेटाचं अभिनंदन करून गेल्या. लोरेटाचा पाव चांगला व्हायचा. ट्रिफी सगळ्यांना तो खायला लावायची, सुनेची तारीफ करायची, आणि स्वतः बटाटा खायची. वापरलेला मेणकागद मात्र ती आता चुरगाळून चुलीत टाकायची.

“अहो, कागद...” लोरेटा एकदा म्हणाली.

“कागद काय जपून ठेवायचा असतो?” ट्रिफी हसून म्हणाली.

सप्टेंबरात गार्लंड वाहून आलेली लाकडं आणायला लिटल मर्सीला निघाला, तेव्हा लोरेटाही गेली. तिथे तिने एक काप कागदात गुंडाळून उंबऱ्याच्या दगडावर ठेवला. कुणासाठी, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

पुढच्या खेपेला ट्रिफी म्हणाली, मीही येते. पूर्वी बोट टेकायच्या आत उडी मारणारी ती, आता फळीवर बसून राहिली. माझं बघून झालंय म्हणाली. गार्लंड लाकडं गोळा करायला गेला. लोरेटा एकटीच वर गेली.

दगडावर पाव नव्हता. पक्षी, ती मनाशी म्हणाली. पक्षीच.

मग तिला दगडाच्या कडेखाली काहीतरी पांढरं दिसलं. तिने ओढून काढलं. रात्रभर पाऊस कोसळला होता, सगळं गवत निथळत होतं. कागद कोरडा होता. पुसून स्वच्छ केलेला. चौघडी घातलेली, आणि एक कोपरा आत खोचलेला.

समुद्रावर धुक्याची कड दिसायला लागली होती. खालून, बोटीतून, खणखणीत हाक आली.

“ए शहरवाली! चल घरी.”