कोपऱ्यावरचा ओटा

तुम्हाला वाटेल मी तिखटमीठ लावून सांगतेय. वाटू दे. ज्या नाकात तो वास गेला ते नाक माझं आहे, आणि जिच्याबद्दल सांगतेय ती माझी सख्खी थोरली बहीण आहे. मला काय पडलीय खोटं सांगायची?

आणि रात्रबित्र नव्हती हं. भर दुपार होती. अमावास्येच्या उधाणाचा दिवस. जागा म्हणजे समुद्रकाठच्या एका गावातला नवाकोरा मासळी बाजार.

इतका नवा, की तिथे अजून एकही मासा विकला गेला नव्हता.

हे नीट लक्षात ठेवा.

किनाऱ्यावरच्या गावांत हल्ली उंच रस्ते आणि उंच बाजार बांधतात ना, वादळात बुडू नयेत म्हणून? त्यांची पर्यावरण तपासणी करणं हे माझं काम. पाणी कुठे तुंबेल, घाण कुठे जाईल, भरावाची माती कुठून आणली, सगळं बघायचं. दिवसभर गटारात डोकं घालायचं, आणि मला घाणेरडा वास जराही सोसत नाही! ऑफिसात सगळे हसतात.

सगळ्यात जास्त हसायची ती ताईची सासू. जुन्या, खालच्या बाजारात ती मासे विकायची. माझा रुमाल नाकाला लागलेला दिसला, की सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी हाक.

"आलीस का गं, नाकवाले?"

हे नाव तिनेच ठेवलेलं. दुसरं कुणी मला तसं म्हणत नसे.

गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत, पण म्हातारी महाघाणेरडी होती. खवले काढताना दोनदा सुरी ओढायची, थांबायची, नाक वर ओढायची, मग पुन्हा सुरी. खर्र खर्र... सुर्रर्र... खर्र खर्र. आणि आतडी न बघताच डाव्या खांद्यावरून मागे भिरकावायची. मागे भिंत आहे की माणूस, तिला काही सोयरसुतक नाही.

ते सगळं ताईने धुवायचं. ताई म्हणजे चहाच्या कपाखालचा डागसुद्धा लगेच पुसणारी बाई! लग्न झाल्यापासून तिने म्हातारीची घाणच उपसली.

मग ते वादळ आलं. जुन्या बाजारात पाणी शिरलं. बायका वर रस्त्याकडे पळाल्या, म्हातारी उठेना. "माझी जागा आहे. मला कोण उठवतंय बघते," म्हणाली. ताईने हात धरून ओढलं. म्हातारीने हिसडा दिला.

ती सापडली नाही.

पुढे नवा बाजार मंजूर झाला. उंच जोत्यासाठी भराव हवा होता. टेकडी फोडली तर झाडं जाणार. इंजिनिअर म्हणाले, जुन्या बाजाराचाच गाळ उपसून सुकवू आणि तोच भरू. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. टेकडी वाचली, गाळही मार्गी लागला, आणखी काय पाहिजे?

त्या गाळात काय काय असेल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

ताई तोवर रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसत होती. भावोजींची बोट वादळात फुटलेली, घर तिच्या टोपलीवर चाललेलं. उन्हात माल नासायचा. नव्या बाजारात तिला कोपऱ्यावरचा ओटा मिळाला होता. माझी सही झाली की बाजार उघडणार.

"छकुले, लवकर कर गं बाई," ती रोज फोनवर म्हणायची. एवढी घोडी झाले तरी तिच्यासाठी मी छकुलीच.

तर त्या दुपारी मी आणि बाजार बांधणारा गवंडी कुलूप काढून आत गेलो.

आणि तो वास...

मी रुमाल नाकाला लावला. पांढऱ्याशुभ्र फरशा, कोरडे नळ, रिकामे ओटे. पण वास कुजक्या मासळीचा.

कोपऱ्यावरच्या ओट्यामागचं गटार तुंबलं होतं. गवंड्याने झाकण उचललं.

आतडी. कल्ले. खवल्यांचा चिकट लगदा.

कल्ले अजून लाल होते...

मी तिथेच ओकले.

"कोणी केलं हे?" मी ओरडले.

"बाई, किल्ली माझ्याच कमरेला असते," गवंडी म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

सगळं उपसलं, पावडर टाकली, कुलूप लावलं. दुसऱ्या दुपारी उघडलं तर गटार पुन्हा भरलेलं. आणि आता मागच्या भिंतीवरही आतडी चिकटलेली, हळूहळू खाली घसरत होती. गवंड्याने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि निघून गेला.

माझं डोकंच फिरलं. नक्की कुणाचा तरी चावटपणा! मी ताईला बोलावलं. दोघींनी आतून कडी घातली आणि ओट्यामागे उभ्या राहिलो. बघूच कोण येतंय.

बाहेर भरतीचं पाणी वाढत होतं. आत सगळं शांत.

माशीसुद्धा नाही.

मग...

खर्र खर्र...

ताईने माझं मनगट घट्ट धरलं.

सुर्रर्र...

खर्र खर्र...

ओट्यावर कुणीही नव्हतं. आई शप्पथ, कुणीही नव्हतं!

आणि माझ्या गालावर काहीतरी ओलं, कोमट आपटलं. गालावरून मानेवर आलं आणि कॉलरच्या आत घसरलं.

आजही अंगावर साबण घासताना तो गिळगिळीत स्पर्श आठवतो. शी!

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी सांगून टाकलं, "मी सही करणार नाही. भराव खणून काढायला लावते."

"म्हणजे बाजार रखडणार," ताई म्हणाली.

"रखडू दे!"

"तुला बोलायला काय जातंय? पुढच्या वादळात मी टोपली घेऊन कुठे बसू? घरात चूल कशावर पेटवू?" ती रडत नव्हती, चिडली होती. "आजवर तिची घाण मीच काढली ना? यापुढेही काढेन. तू सही कर."

तिच्या फाटक्या चपलांकडे माझं लक्ष गेलं, आणि मी सही केली.

बाजार झोकात सुरू झाला. पुढचं वादळ आलं, पाणी जोत्याच्या पायरीशी थांबलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. ताईचे फोन मात्र कमी होत गेले. शेवटी न राहवून मी गेले.

ऐन गर्दीची वेळ. बाकीचे ओटे लखलखीत. कोपऱ्यावर माश्या घोंघावत होत्या.

ताई माझ्याकडे पाठ करून बसली होती. केस चिकट झालेले. ओटा किती दिवस धुतला नव्हता कोण जाणे.

"ताई?"

खर्र खर्र... सुर्रर्र...

डाव्या खांद्यावरून आतडी आली आणि माझ्या पायाशी पडली.

तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"आलीस का गं, नाकवाले?"

भावोजी म्हणतात, कामाने दमते, बाकी काही नाही. घरातही वास येतो, पण तो त्यांना आता कळत नाही. गवंडी फोन उचलत नाही. बाजार छान चाललाय. तो भराव खणा, असं आता कुणाच्या तोंडाने सांगू?

ताईचा फोन अजून अधूनमधून येतो. मी प्रत्येक वेळी उचलते. एकदा तरी छकुले म्हणेल, म्हणून. पलीकडून आधी नाक वर ओढल्याचा आवाज येतो, आणि मी फोन ठेवून देते.