एकास दहा मापाची चड्डी

मंगळवारी मी त्याचं घर पेटवणार, तेवढ्यात तो प्रयोगशाळेचं दार ढकलून आत आला.

"थांबा! माझं घर आहे ते."

घर माझ्या कमरेएवढं होतं. पोर्तुगालातल्या पोर्तो शहराची नदीकाठची एक अख्खी गल्ली मी एकास दहा मापाने लाकूड-प्लास्टरमध्ये उभी केली होती. एका दारातली सार्डिन मासे भाजायची शेगडी भडकली, तर आग समोरच्या घरावर उडी मारते का, हे नगरपालिकेला कळायला हवं होतं. मारली, तर समोरची लाकडी गॅलरी उतरवायची. गॅलरी याची. एवारिश्तो, शिंपी. उजेड तिथेच येतो, म्हणून शिलाई मशीनही तिथेच.

"घाबरू नका," मी म्हणाले. "समोरची शेगडी दोनदा भडकवून झालीय. आग तुमच्यापर्यंत पोचत नाही."

तो वाकून गल्ली न्याहाळू लागला. शर्टाला ताज्या इस्त्रीचा वास होता... मी काडेपेटी उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

"इंजिनियरबाई, कपडे कुठायत?"

"कोणाचे?"

"गल्लीचे! या घरापासून त्या घरापर्यंत दोऱ्या असतात आमच्याकडे. वाळत घातलेल्या कपड्यांशिवाय ही गल्ली मी जन्मात पाहिली नाही."

नकाशात कपडे नव्हते. म्हणून माझ्याकडेही नव्हते.

"पण ते लावले, तर तुमची गॅलरी—"

"मी झोपतो तिथे, बाई. खोट्या गल्लीत वाचून काय करू?"

तीन दिवस तो माझ्या टेबलाशी बसून शिवत होता. बोटभर शर्ट, रुमालाएवढ्या चादरी.

"ही चड्डी एवढी मोठी का?"

"शेजारच्या दोना झुल्मिराबाईंची आहे. माप बरोबर आहे."

"आणि काठाला टीप कशाला? जळणारच आहे ना?"

"म्हणून काय दोरे लोंबत जळायचं?"

शुक्रवारी काडी लावली. शेगडी, शर्ट, चादर... आणि दोना झुल्मिरांच्या चड्डीवरून आग थेट गॅलरीत. चाळीस सेकंद. मी तेच लिहिलं. अहवालातही तेच जाणार होतं.

"टीप मात्र शेवटपर्यंत उसवली नाही," तो म्हणाला. आवाज जरा बारीक होता.

"मशीन कुठे ठेवणार आता?"

"बघू... उजेड हवा फक्त."

"माझ्या खोलीला पूर्वेची मोठी खिडकी आहे. समोर इमारत नाही. मशीन बसतं — मोजलंय मी."

"कधी मोजलंस?" अहो-जाहो तिथेच संपलं.

"मंगळवारी."

"मंगळवारी तर माझी गॅलरी शाबूत होती. काय मोजत होतीस?"

"तू मावतोस का ते. मशीन नंतर हिशेबात धरलं."