अत्तर लावून आलेला दुआर्ते

नोएमीची आणि दुआर्तेची ओळख झाली ती एका तक्रारीवरून. नोएमी फ्रेस्नो शहरातल्या एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाई येता-जाता लव्हेंडरचा फवारा मारायच्या. नोएमीला दम लागला, तर वर म्हणाल्या, "नखरे!" संतापून तिनं दमेकऱ्यांच्या ऑनलाइन गटात सगळं लिहून टाकलं. खाली एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं — "नखरेच करायचे असते, तर श्वास सोडून दुसरं काहीतरी निवडलं असतं ना?"

ती खुदकन हसली. मग रोजच बोलणं सुरू झालं. वणव्याचा धूर पसरला की तो आधी तिच्या छातीची चौकशी करायचा, मग स्वतःचं रडगाणं…

आज दोघं प्रथमच भेटत होते, बागेत. तो आला — उंच, लाजरा, कडक इस्त्रीचा शर्ट — आणि त्याच्या आधी त्याचं अत्तर आलं!

नोएमीला खोकल्याची उबळ आली. दम्याचा पंप ओढून ती दूर जाऊन उभी राहिली. जरा दम ओसरला तशी कडाडली, "गटात प्रत्येकानं नावापुढे लिहायचं असतं, कशानं दम लागतो ते. माझ्या नावापुढे काय आहे?"

"अत्तर," तो पुटपुटला.

"वाचलं होतंस?"

"पाठ आहे…"

"मग? माझा आधीचा मित्रही असाच होता. दोन थेंबांनी काय होतंय, म्हणायचा. तूसुद्धा त्यातलाच निघालास!"

बाईंचं बोलणं तिनं पचवलं होतं. हे मात्र जिव्हारी लागलं. ज्याला काही समजावून सांगावं लागत नाही, असा हा एकच माणूस तिला भेटला होता. तोही हातचा जाणार?

दुआर्ते नळावर गेला. मान, मनगटं खसाखसा धुतली, शर्ट काढून गाडीत फेकला आणि कामाचा जुना कोट चढवून लांबच उभा राहिला.

"मला दम लागतो थंडीनं… म्हणून अत्तराचं डोक्यातच आलं नाही. मी गोठ्यात काम करतो, नोएमी. कितीही अंघोळ केली तरी वास जात नाही. वाटलं, तू नाक मुरडशील."

"गाढवा! माझ्या नावापुढे शेण लिहिलंय का कुठं?"

"नाही…"

"मग लांब काय उभा आहेस? ये इकडे!"

तो आला. शेणाचा, चाऱ्याचा, दुधाचा वास घेऊन. तिनं छातीभर श्वास घेतला आणि तशीच फणकाऱ्यानं म्हणाली, "आवडतोस तू मला. पण पुन्हा अत्तर लावलंस ना… तर बघ!"