खाली उतरल्यावर खातो

सीफिसकाकांची मुलगी मागायची, तर आधी त्यांच्याबरोबर घळ उतरावी लागे. सकाळच्या बसने डोंगरावर जायचं आणि क्रीटचं ऊन खात, दगडांतून ठेचकाळत, किनाऱ्यावरच्या त्यांच्या घरी पोचायचं. "बसलेला माणूस कळत नाही. दिवसभर चालवला की आपोआप सोलून निघतो," असं काका म्हणत. आधीच्या दोघांपैकी एक वाटेत रडला होता आणि दुसऱ्याने पाण्याची बाटली लपवून ठेवली होती.

तिसरा मानूसोस. हन्या शहरात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. काकांच्या अर्जिरोवर त्याचा जीव जडला होता, म्हणून तो नवे बूट घालून हजर झाला.

"बूट झकास आहेत," काका म्हणाले. "लग्न त्यांचंच लावायचं का?"

कण्हेरीच्या झुडपांतून, कोरड्या ओढ्याच्या गोट्यांवरून दोघं उतरू लागले. दुपारी घळ इतकी अरुंद झाली, की हात पसरले तर दोन्हीकडचे कडे लागावेत. तिथे काकांनी राकी दारूची बाटली, चीज आणि जवाचा कडक पाव काढला. तेवढ्यात मागून एक वाटसरू आला. संस्कार दाखवायची अशी आयती संधी मानूसोस सोडतोय कुठला!

"या हो, बसा! दोन घास खाऊन जा."

वाटसरू बसला. काकांनी खुशीत मिशीवरून हात फिरवला. आता तिथली रीत अशी, की पाहुण्याच्या पोटात घास जाईपर्यंत त्याला नावगाव विचारायचं नाही. उपाशी माणसाची चौकशी करणं म्हणजे घराण्याला बट्टा. पण हा पाहुणा खाईचना. पाव हातात धरून अदबीने म्हणाला, "खाली उतरल्यावर खातो. आत्ता ऊन लागलंय."

"बघ, याला म्हणतात सबुरी," काका म्हणाले. "नाहीतर तू. आल्या आल्या तीन तुकडे हाणलेस."

तिघं निघाले. मानूसोसचा धंदाच चेहरे बघण्याचा. नाक केवढं, डोळ्यांत अंतर किती, हे त्याला एका नजरेत कळे. या माणसाचा चेहरा मात्र मान वळवली की आठवेना. शिवाय चालणारे तिघं, आणि गोट्यांवर करकर दोघांचीच. उन्हाने आपले कान गेले असतील, असं त्याने स्वतःला समजावलं.

मग पाहुण्याने पाद्री आणि खेचराचा विनोद सांगितला. काका पोट धरून हसले. मानूसोसला घाम फुटला. तो विनोद त्याने काकांसाठी आठवडाभर आरशासमोर घोटून ठेवला होता, खेचराच्या फुरफुरण्यासकट.

"अहो, तो विनोद माझा होता!"

"विनोदाचा काय सातबारा असतो? जळतोस काय लेका!"

"तुम्ही पाव खा ना," मानूसोस पाहुण्याच्या मागे लागला. "एक घास तरी!"

"खाली उतरल्यावर."

"निदान तुमचं नाव..."

काकांनी काठी आपटली. "तोंड आवर! उपाशी माणसाला नाव विचारतोस? असला जावई नको मला."

मानूसोसने मान खाली घालून पाऊल उचललं. एका प्रश्नापायी अर्जिरो हातची जायची.

"दमलात तुम्ही," म्हणत पाहुण्याने त्याची पिशवी घेतली. थोड्या वेळाने काकांचा हात पाहुण्याच्या खांद्यावर गेला. मानूसोस मागे पडला.

पुढे चालणाऱ्या पाहुण्याचा उजवा पाय किंचित बाहेर पडत होता. लहानपणी गाढवावरून पडल्यापासून मानूसोसचा पडे तसा.

करकर अजूनही दोघांचीच येत होती. मानूसोसने पाय जोरात आपटून पाहिला.

काही वाजलं नाही.

घळ संपली, समुद्र दिसला. अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली अर्जिरोने टेबल मांडलं होतं. पाहुणा बसला आणि त्याने कडकन पावाचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

"खाल्लं!" मानूसोस ओरडला. "आता सांगा, नाव काय तुमचं?"

"मानूसोस," तो घास गिळत म्हणाला. "हन्यात चष्म्यांचं दुकान आहे माझं."

"आणि आजपासून माझा जावई!" काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "गडी चोख उतरला. पोरी, दिली तुला याला."

अर्जिरो लाजली. रुमालाने त्याच्या कपाळावरचा घाम टिपायला ती पुढे झाली.

"अर्जिरो!" मानूसोसचा आवाज चिरकला.

ती वळली. "अगंबाई, माझं नावही सांगून झालं वाटतं? बाबा वाटेत भेटेल त्याच्याकडे माझं कौतुक करतात." तिने खुर्ची पुढे ओढली. "बसा ना. तुम्ही आधी पोटभर खा. इथे कुणी तुम्हाला नाव विचारणार नाही."

अनोळखी माणसाशी हसावं तसं ती हसली आणि चीजचा सगळ्यात मोठा तुकडा तिने त्याच्या ताटात वाढला.