बासष्टाव्या मिनिटाची ओळ

"सिनेमा उत्तम आहे हो," तो दुकानदाराला सांगत होता, "पण खालच्या ओळी लिहिणारीला भारी घाई. नायिकेनं तोंड उघडायच्या आत ही सांगून मोकळी!"

मी दोन पावलांवर उभी होते. मंगळवारची दुपार, डिस्कच्या दुकानात चिटपाखरू नव्हतं, आणि मी आले होते फक्त 'नवीन आलेले' या फळीवर माझी पहिली डिस्क डोळे भरून पाहायला. सिनेमा परदेशी, आणि पडद्याखालच्या सगळ्या ओळी माझ्या. तीन आठवडे मान मोडून लिहिलेल्या. म्हणजे घाई झालेली ती बया मीच!

"किती आधी येतात ओळी?" मी शक्य तितक्या थंडपणे विचारलं.

त्यानं वळून पाहिलं. चष्मा सारखा केला. "एक सेकंद. कुठे कुठे सव्वा."

"सेकंद मोजत बसणारी माणसं सिनेमा पाहतात कधी?"

"मोजले दुसऱ्यांदा पाहताना. पहिल्यांदा..." तो अडखळला. "पहिल्यांदा रडलो."

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी आपली खरी ओळख सांगून टाकली. त्याचे कान लालबुंद झाले, पण माघार घेईल तर शपथ. "म्हणजे रडवलंतही तुम्हीच," तो म्हणाला. "फक्त सव्वा सेकंद आधी."

मी तणतणत ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आणि साहेब म्हणजे माझी सख्खी मावशी. थिएटरवाले ज्यांना दारात उभं करत नाहीत असे सिनेमे, कुणी पदरमोड करून काढलेले, कुणी सातासमुद्रापलीकडून आलेले, ती डिस्कवर काढून घराघरांत पोचवते. माझी सगळी कैफियत ऐकून ती एवढंच म्हणाली, "दोनदा पाहतो? आणि जागा राहतो? धरून आण त्याला."

आमचा आधीचा तपासनीस अर्ध्या तासात घोरायला लागायचा, त्याचं हे प्रायश्चित्त.

तो सकाळी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचा, म्हणून आमच्याकडे त्याचं नाव पडलं चष्मेवाले. दुपारी आतल्या खोलीत पडदे ओढून बसायचा. नियम त्यानंच घातला: पहिल्या चित्रापासून शेवटच्या नावापर्यंत तो स्वतः पाहणार, कागदावर सही करणार, मगच सिनेमा डिस्कच्या कारखान्यात जाणार.

आता या सिनेमांत शांतता फार. माणसं खिडकीबाहेर बघतात, बटाटे सोलतात, बोलत काही नाहीत. एकदा असाच पाच मिनिटांचा मूक प्रसंग लागला आणि मला खोडी सुचली. त्या रिकाम्या जागेत मी एक ओळ टाकली, पुढेमागे दोन दोन चांदण्या काढून, म्हणजे ती काढून टाकायची हे त्याला कळावं: 'घड्याळ पाहू नका, अजून तासभर आहे.'

संध्याकाळी तपासणीच्या कागदावर उत्तर आलं: 'एक्केचाळीसाव्या मिनिटाची सूचना काढली. घड्याळ पाहिलं होतं. क्षमस्व.'

मग आमचा तो रिवाजच पडला. 'ही नायिका माझ्यासारखी भांडते ना?' मी विचारायची. 'नाही. ती मध्ये श्वास घेते,' तो लिहायचा. कागद वाचून मावशी कपाळाला हात लावायची. समोरासमोर मात्र आम्ही दोघंही साळसूद! चहाचा कप पुढे करताना त्याची नजर माझ्यावर जरा जास्त वेळ थांबायची, की मला तसं वाटायचं... देव जाणे. मी प्रेमात पडले होते हे मात्र देवालाच काय, मलाही स्वच्छ दिसत होतं.

आणि मग तो होडीचा सिनेमा आला. एक म्हातारं जोडपं होडीत बसतं आणि चार मिनिटं कुणीच बोलत नाही. फक्त वल्ह्याचा आवाज. शुक्रवारी संध्याकाळी, बासष्टाव्या मिनिटाला, मी जीव मुठीत धरून लिहिलं: 'चष्मेवाले, तुम्ही मला आवडता. चेष्टा नाही ही. तुमच्या मनात तसं नसेल तर नुसती ओळ काढून टाका, उत्तर देऊ नका, मी समजून घेईन.' चांदण्या घातल्या आणि पळून घरी गेले.

सोमवारी ऑफिसात पाऊल टाकते तो मावशी खुशीत. "होडीचा सिनेमा शनिवारीच पाठवला गं कारखान्यात! त्यांचं मशीन रिकामं होतं."

"पण... तपासणी?"

"तो बहिणीकडे गेला होता ना दोन दिवस. आणि तू लिहिलेलं काय तपासायचं? आज सकाळपासून डिस्क निघतायत."

पाचशे डिस्क! पाचशे घरांत, होडीतली ती म्हातारी नवऱ्याला चष्मेवाले म्हणणार! ज्या दिग्दर्शकानं मावशीवर विश्वासून सिनेमा दिला त्याच्या चार मिनिटांच्या शांततेत मी माझं घोडं दामटलं होतं. आणि ज्याच्यासाठी लिहिलं तो ते वाचणार होता गावभर बोभाटा झाल्यावर. मावशीला सांगायला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं भलतंच. "मला ताप आहे," एवढंच म्हणाले आणि घरी जाऊन डोक्यावरून पांघरूण घेतलं. आई दर तासाला कपाळाला हात लावून म्हणायची, "गार तर आहेस."

गुरुवारी सकाळी मावशीनं डिस्क पाठवली, सोबत चिठ्ठी: 'बरी झालीस की बघ. छान झालीय.'

दार लावून घेतलं. डिस्क घातली. साठ... एकसष्ट... बासष्ट. होडी आली. वल्हं पाण्यात पडलं. मी बोटांच्या फटीतून बघत होते.

खाली काहीच आलं नाही.

चारही मिनिटं फक्त पाणी. मी पुन्हा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. माझा जीव भांड्यात पडला, इतका की मी एकटीच मोठ्यानं हसले. मावशी वाचली, तो बिचारा दिग्दर्शक वाचला, मी वाचले!

आणि मग आठवलं, शेवटी मी काय लिहिलं होतं ते. मनात तसं नसेल तर नुसती ओळ काढून टाका.

हसू जागच्या जागी आटलं. पण चार दिवस पांघरुणात काढून झाले होते, आणखी चार काढायचा मला कंटाळा आला. जे काय असेल ते तोंडावर ऐकावं म्हणून मी तशीच निघाले.

चष्म्याच्या दुकानात एक आजी उंच खुर्चीत बसल्या होत्या, नाकावर तपासायची जड चौकट. तो तिच्यात भिंगं बदलत होता. मला पाहून त्याच्या हातातलं भिंग निसटता निसटता राहिलं.

"ओळ तुम्ही काढलीत?" मी सरळच विचारलं.

"हो. रविवारी परत आलो, मावशींकडून कळलं सिनेमा न पाहताच गेला. मला झोप लागेना. सोमवारी कारखाना उघडायच्या आधी दारात उभा होतो. म्हटलं, पाहिल्याशिवाय मशीन चालू करू देणार नाही." त्यानं भिंग कापडानं पुसलं, पुसलेलंच पुन्हा पुसलं. "मशीनवाले काका शेजारी बसले होते. तुमची ओळ आधी त्यांनीच वाचली. म्हणाले, वाक्य झकास आहे, पण बोलतंय कोण?"

"अगं बाई!"

"काढावीच लागली. पाचशे लोकांना कशी वाचू देऊ? ती... मला लिहिलेली होती."

"मग उत्तर?"

"कुठे लिहू? कागद मावशींकडे जातो. म्हटलं तुम्ही आलात की बोलू, तर तुम्ही येईचनात! सोमवार गेला, मंगळवार गेला... वाटलं, लिहून पस्तावलात. रोज दुपारी जिन्यावर पाऊल वाजलं की मी सिनेमा थांबवायचो. मावशी म्हणाल्या, हा सिनेमा तीन दिवस झाले संपत का नाही?"

"अहो, पण उत्तर काय?"

त्यानं भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. सेकंद मोजणारा माणूस, पण किती गेले ते त्याला तरी कळलं असेल का कोण जाणे.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "त्या दुकानात भांडलात तेव्हापासून."

"अहो डॉक्टर," चौकटीतल्या आजी म्हणाल्या, "मला दिसत नाही, ऐकू चांगलं येतं. ही पोरगी रडतेय की हसतेय?"

"तेच... तेच पाहतोय, आजी."

"मग आधी तिचं बघा. माझा नंबर काही पळून जात नाही."

मी दोन्ही करत होते. शेजारच्या स्टुलावर मी मटकन बसले. त्यानं हातातलं ते पुसायचं कापड माझ्यापुढे धरलं, आणि मी कापड घ्यायच्या ऐवजी त्याचा हातच धरला.